लेफ्ट बॅकच्या हातातला पाना

काशिराम मिलमध्ये जगन फिटर होता, पण मिलमधलं एकही मशीन त्यानं कधी उघडलं नव्हतं. यात त्याचा आळस नव्हता. परळच्या त्या मिलनं त्याला घेतलं होतं फुटबॉल खेळायला, आणि मिलच्या कागदपत्रांत फुटबॉल खेळणारा असा हुद्दाच नव्हता. म्हणून टीममधले गडी निरनिराळ्या खात्यांत वाटून टाकले होते. सेंटर फॉरवर्ड रंगखात्यात होता. गोलकीपर डिमेलो बॉयलरवर. उजव्या बाजूनं पळणारा गडी, ज्याला स्वतःचं नाव लिहायला बराच वेळ लागे, तो हिशेबखात्यात कारकून होता. जगन लेफ्ट बॅक. त्याच्या वाट्याला फिटर आलं.

तो पनवेलजवळच्या करंजाड्याचा. घरातली सगळी माणसं दुसऱ्यांच्या मिठागरांत राबणारी. मीठ ओढायचं काम उलटं चालून करावं लागतं. लांब दांड्याची लाकडी फळी पाण्यात टाकायची, मीठ आपल्याकडे ओढत मागे मागे सरकायचं आणि बांध आला की थांबायचं. पाठीमागचा बांध मान न वळवता कळावा लागतो, नाही तर माणूस पलीकडच्या खाऱ्या पाण्यात जाऊन बसतो. मिलची टीम एकदा पनवेलच्या मैदानावर सामना खेळायला आली, तेव्हा गावातल्या पोरांनी जगनला मागे उभं केलं होतं, कारण त्याला गोल मारता येत नसे. मिलचा सगळ्यांत चपळ गडी चेंडू घेऊन त्याच्या अंगावर आला. जगन त्याच्याकडे तोंड करून तितक्याच वेगानं मागे पळत राहिला. त्या गड्यानं आजवर असलं काही पाहिलं नव्हतं. गोंधळून त्यानं चेंडू जरा लांब ढकलला, तेव्हा जगननं तो ओट्यावरचा तांब्या उचलावा तसा काढून घेतला. सामना संपेपर्यंत हेच चाललं.

"हे कुठं शिकलास?" टीमच्या मॅनेजरनं नंतर विचारलं.

"हे शिकायला लागतं?" जगन म्हणाला.

मिलमध्ये गेल्यावर मात्र तो बरंच शिकला. समोरच्यावर झेप घ्यायची नाही. त्याला एक बाजू मोकळी ठेवायची, पण ती आपली आपल्याला सापडली असं त्याला वाटलं पाहिजे. तो तिकडे वळला की तिथं आपण असतो. चेंडूकडे पाहायचं नाही, खांद्याकडे पाहायचं. पाय खोटं बोलतात, खांद्याला ते जमत नाही. आणि पाठीमागे काय चाललंय ते बघायचं काम आपलं नाही, गोलकीपरचं. वांद्र्याचा डिमेलो मागून ओरडे, "जगन्या, डावी! सोड! आता हाण!" आणि जगन मागे न पाहता, का म्हणून न विचारता, ते करी. मान वळवणाऱ्यांची टीममधून लवकर सुटका होई.

घरी त्यानं आधी खरं तेच सांगितलं होतं.

"पगार कशाचा देतात?" त्याच्या आईनं, ठमाबाईनं विचारलं.

"समोरून येल त्याला पुढं जाऊ द्यायचं नाय. त्याचा."

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. मिलमध्ये संप होतात हे तिच्या कानावर होतं. "कुनाला जाऊ द्यायचं नाय? जगन, तू मारामारीला लागलास?"

"नाय गं आये. चेंडू घेऊन येतात."

"कोन? पोरं?"

"मोठी मानसं."

"मोठी मानसं चेंडू घेऊन येतात?"

"हां."

"मग जाऊ दे की त्यांना. तुझं काय जातंय?"

जगननं खिसा चाचपला. खिशात मिलचा पास होता, त्यावर फिटर लिहिलं होतं. त्यानं तो दाखवला, तेव्हा ठमाबाईनं सूप परत उचललं. पुढे बूट घालून खेळायची सक्ती आली तेव्हा ठमाबाईनं बुटांच्या तळाला ठोकलेल्या चामड्याच्या गुट्ट्या पाहिल्या. जगननं सांगितलं, मिलमध्ये खाली तेल सांडतं, घसरू नये म्हणून कंपनी देते. हे ठमाबाईनं गावभर सांगितलं. कंपनी किती काळजी घेते, असं लोक म्हणाले.

अडचण पुढेच होती. फिटर झाला म्हटल्यावर गाव त्याच्या दारात मोडक्या वस्तू आणू लागलं. पहिली आली गॅसबत्ती. जगननं ती हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्याचा पार्ट मुंबईला मिळंल." बत्ती पोत्यात घालून तो एसटीत बसला.

मिलच्या फिटिंग खात्यात बळीराम नावाचा खरा फिटर होता. त्याला फुटबॉलचं वेड होतं आणि कूपरेज मैदानावरच्या सामन्यांचा पास कधी मिळत नसे. जगनला पास मिळत. आठवड्याभरात बत्ती पेटती होऊन करंजाड्याला परतली. मग कुणाचं घड्याळ आलं, कुणाचा फवारणीचा पंप, शाळेची घंटा वाजवायचा हातोडासुद्धा एकदा आला. जगन प्रत्येक वस्तू कानाशी नेई आणि पोत्यात घाली. बळीरामनं त्या मोसमातला एकही सामना चुकवला नाही. जगनकडे दिलं की हमखास बरं होतं, फक्त तो घाई करत नाही, अशी त्याची कीर्ती खाडीच्या दोन्ही काठांना झाली आणि तिथून पनवेलच्या बाजारात पोचली.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात पनवेलच्या धर्मराजनं त्याच्याकडे शिलाईचं मशीन पाठवलं. धर्मराजची बंदराच्या वाटेवर भाताची गिरणी होती. बायको गेलेली, मुलगा नाही, एकुलती एक मुलगी मालू. मशीन तिचंच. ते दुरुस्त होऊन आलं तेव्हा जगन मुंबईहून येताना तसाच गिरणीवर उतरला. धर्मराज बाहेर गेला होता. ओटीवर मालूनं पोत्याची गाठ सोडली, तर मशीनच्या आधी बाहेर आले बूट.

"ते माझे," जगन म्हणाला. "मिलमध्ये खाली तेल..."

"तेल सांडतं. म्हायती हाय. आख्ख्या पनवेलला म्हायती हाय." मालूनं एक बूट उलटा केला आणि गुट्ट्यांमध्ये अडकलेली हिरवी काडी दोन बोटांनी ओढून काढली. "मिलमध्ये गवत पण उगवतं?"

जगन मागे सरकला. मागे खांब होता.

"मशीनचं काय बिघडलं होतं?"

"पार्ट बदलला."

"कनचा?"

"आतला."

"आतला," मालू गंभीरपणे म्हणाली. "बरं झालं. मला वाटलं, भायेरचा."

मग तिनं त्याला बसायला पाट दिला आणि सगळं काढून घेतलं. मिल, लेफ्ट बॅक, डिमेलो, बळीराम, पास. मध्येच ती इतकी हसली की गिरणीतून गुणाबाई, पोती भरणारी बाई, डोकावून गेली.

"आन गोल किती मारलेत तुमी?"

"एक पन नाय."

"मग तुमाला ठेवलंय कशाला?"

"मी असलो की तिकडचे पन मारत नाय."

मालूनं बूट खाली ठेवला. "म्हंजे तुमी काम नीट केलंत, तर कायच होत नाय?"

"कायच होत नाय."

"इंजिनासारखं," ती म्हणाली. "चालू असलं की कोन ढुंकून बघत नाय. बंद पडलं की सगळे धावतात."

जगननं आईपासून मॅनेजरपर्यंत अनेकांना आपलं काम समजावून सांगितलं होतं. एकाच फटक्यात ते कळलेलं हे पहिलं माणूस. एसटी खाडीच्या वळणावर आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बूट तिथंच राहिलेत, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं नाही.

बूट आणायला तो गेला. मग मशीन नीट चालतंय ना हे विचारायला गेला. तिसऱ्या खेपेला धर्मराजनंच त्याला थांबवून घेतलं.

"हे बघ जगन," धर्मराज म्हणाला, "आमचा इंजिनवाला शिवा म्हातारा झाला, डोळ्यांनी दिसत नाय. माघ संपला की लेकाकडं चाललाय. मला मुलगा नाय. गिरणी जावयाच्या हातात जायाची, आन जावयाला इंजिन कळलं पायजे. माझा भाचा कमळाकर मोरा बंदराच्या लाँचवर इंजिनावर असतो. मामाची पोरगी म्हणून त्याचा हक्क पयला. पन तो बोलतो फार. तुझं नाव लोक काढतात. तर मी असं ठरवलंय. इंजिन पयल्यांदा बंद पडंल त्या दिवशी दोघांना बोलवीन. आधी तू. तुला जमलं तर तिथंच सुपारी फोडू. नाय जमलं तर कमळाकर."

जगन "बरं मामा" म्हणाला, कारण मालूच्या बापाला नाही म्हणायची त्याची तयारी नव्हती. मुंबईला जाऊन त्यानं बळीरामला गाठलं.

"डिझेल इंजिन?" बळीराम म्हणाला. "अरे, मी सूत कातायच्या मशीनचा फिटर. डिझेल इंजिनाला मी आजवर लांबून नमस्कार केलाय. पोत्यात घालून आणता येईल का?"

"माझ्याएवढं उंच हाय."

"मग दुसरी मुलगी बघ."

पुढच्या रविवारी पनवेलच्या बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेत, मालूनं त्याला एकट्याला पकडलं. सोड्यांचा भाव विचारत असल्यासारखी ती वाकली होती.

"बाबांना होय बोललात ना?"

"बोललो. पन मला कायच येत नाय, मालू. कमळाकरला येतं."

"म्हनूनच." तिनं एक सोडा उचलून पाहिला. "शिवाकाकाला दोन वर्सं दिसत नाय. इंजिन कोन चालवतंय असं वाटतं तुमाला? बाबांना वाटतं मी ते पुसते. कमळ्या आला तर पयल्या दिवशी मला बोलंल, बाजूला हो, बायकांचं काम नाय. खरा फिटर नवरा मला नको हाय. तुमच्यासारखा पायजे."

"कायच न येणारा?"

"न येणारा, आन तोंड बंद ठेवणारा."

जगनला यात आनंद मानावा की नाही ते कळेना, पण त्यानं तो मानला. "मग मला शिकव तरी."

"नको. अर्धवट शिकलात तर तुमी डोकं चालवाल. तुमचा तो डिमेलो मागनं वरडतो ना? तसं मी मागनं बोलीन. गुणाबायला बोलते असं लोकांना वाटंल. तुमी फक्त करायचं. मागं बघायचं नाय."

"आन इंजिन बंद कधी पडंल?"

"मी पाडीन तेव्हा," मालू म्हणाली, आणि सोडे महाग आहेत असं सांगून निघून गेली.

माघ सरता सरता एका रविवारी सकाळी धर्मराजच्या गिरणीचं इंजिन दोन आचके देऊन थांबलं. डिझेलची टाकी रात्रीतून कोरडी पडली होती. धर्मराजनं ती भरली, पण नळीत शिरलेली हवा काही त्याला दिसत नव्हती, आणि नळीत हवा असली की टाकी कितीही भरा, पंप डिझेल पुढे ढकलत नाही, हवेलाच दाबत बसतो. मालूनं बिघाड असा निवडला होता की तो एका पान्यानं निघावा.

दुपारपर्यंत गिरणीपुढे भाताच्या गाड्यांची रांग लागली. गाडीवान बैल सोडून आत आले, कारण ही परीक्षा आहे हे सगळ्यांना कळलं होतं. करंजाड्याहून जगन आणि ठमाबाई आली. कमळाकर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "हवा धरलीय. शेंबडं पोर सांगंल."

"तू लांब उभा राह्य," धर्मराज म्हणाला. "आधी जगन."

जगनच्या हातात पाना दिला गेला. कूपरेजवर शिट्टी वाजण्याआधी उभा राही तसा, गुडघ्यात किंचित वाकून त्यानं तो धरला. समोर मोठ्या चाकाचं, काळं, गप्प इंजिन होतं. त्याला खांदे नव्हते.

"काय करतोय तो?" एका गाडीवानानं विचारलं.

"बघतोय," धर्मराज म्हणाला. "फिटर आधी बघतो."

मागून, तांदूळ पाखडायच्या जागेवरून, आवाज आला. "गुणाबाय! तिथं काय उभी? डावीकडं सर. अजून. हां, तिथं!"

जगन डावीकडे सरला. गुणाबाईही सरली.

"वरचं नको गं, खालचं. ते ल्हान हाय ना, पितळेचं... पिवळं पोतं, पिवळं!"

"पिवळं पोतं कुठलं?" गुणाबाई म्हणाली. जगनला डिझेलच्या गाळणीच्या डोक्यावर पितळेचा छोटा स्क्रू दिसला. त्यानं त्यावर पाना ठेवला.

"तोंड सोड त्याचं. उलट्या बाजूनं. सगळं नको, अर्धंच!"

स्क्रू अर्धा फेरा सुटला. फसफस आवाज करत बुडबुडे आले. गाडीवानांमध्ये कुजबुज झाली. कमळाकरच्या कपाळाला आठी पडली.

"आता खालची दांडी हलव. वर-खाली, वर-खाली. थांबू नको!"

"मालू, सुपाला दांडी कधीपासून आली?" गुणाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

जगन पंपाची दांडी हलवत होता. बुडबुडे कमी झाले. फेस ओसरला, आणि स्क्रूच्या कडेनं स्वच्छ, सलग डिझेल वाहू लागलं. आता पुढचा हुकूम येणार म्हणून त्यानं हात तयार ठेवला.

"अगं पोरी," मागे ठमाबाईचा प्रेमळ आवाज आला, "मघापासनं त्या बिचारीवर किती वरडशील? गळा बसंल. चल, आत चल. मला तुला नीट बघू तरी दे."

"थांबा ना आत्या, एवढं एक..."

"तिचं ती बघंल गं. आत चल."

बांगड्या वाजल्या, दार लागलं, आणि मागे एकदम सामसूम झाली.

गोलकीपर नसलेल्या मैदानावर जगन कधी खेळला नव्हता. डिझेल वाहून त्याच्या पायाशी थारोळं करत होतं. स्क्रू सोडायचा की आवळायचा, दांडी हलवायची की थांबवायची, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. मान वळवायची फार इच्छा झाली. त्यानं ती वळवली नाही.

"थांबलास का रं?" कमळाकर दोन पावलं पुढे आला. "म्होरं काय करायचं ठावं हाय ना? का त्यो पन पार्ट मुंबईला मिळतो?"

लोक हसले. जगननं वळून कमळाकरकडे तोंड केलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या पायांना जमीन लागल्यासारखं वाटलं. कुणीतरी समोरून येत होतं. हे त्याला येत होतं.

तो अर्धं पाऊल मागे सरला आणि इंजिनाची उजवी बाजू मोकळी राहिली. मग अगदी सावकाश त्यानं पाना उचलला आणि वरच्या सगळ्यांत मोठ्या नटावर नेऊन ठेवला.

"अरं, अरं!" कमळाकर ओरडला. "तो नको! तो सोडलास तर आख्खं डोकं उतरवायला लागंल!"

"मग कनचा?"

"मला काय इचारतोस? फिटर तू!"

"बरं," जगन म्हणाला आणि पान्यावर जोर द्यायला वाकला.

ज्या माणसानं तरुणपण इंजिनाशेजारी काढलं आहे, त्याला हे उभं राहून बघता येत नाही. कमळाकर इंजिनाशी पोचला होता. "हात काढ! डिझेल वाया चाललंय, आधी तो स्क्रू आवळ!"

जगननं पाना त्याच्यापुढे धरला, दांडा त्याच्याकडे करून, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रूकडे. "आवळ."

कमळाकरनं आवळला. आवळताना त्याची नजर वरच्या एका कळीकडे गेली. जगन त्या नजरेकडेच पाहत होता.

"आता ती," तो मोठ्यानं म्हणाला आणि कळीकडे बोट केलं.

"ठावं हाय मला!" कमळाकरनं कळ वर केली. तिनं झडप उघडी राहते आणि चाक हलकं फिरतं. त्यानं हँडल लावलं आणि फिरवू लागला.

"फिरव," जगन म्हणाला. तो आणखी अर्धं पाऊल मागे सरला. "अजून. अजून."

चाकानं वेग घेतला. कमळाकरचा शर्ट पाठीला चिकटला. कळ नेमकी कधी सोडायची हे जगनला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण कमळाकरला दोन खांदे होते. डावा खांदा किंचित वर चढला, तो हात कळीकडे निघणार होता, आणि निघायच्या आधीच्या क्षणाला जगन ओरडला, "सोड!"

कमळाकरनं सोडली. इंजिन खोकलं, एक काळा ढग टाकला, पुन्हा खोकलं, आणि मग आपल्या नेहमीच्या चालीनं ठक ठक ठक ठक चालू लागलं. पट्टा फडफडला. बाहेर एक बैल दचकला. गाडीवानांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस मामा?" कमळाकर धापा टाकत म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "मी चालू केलं! मी!"

धर्मराजनं त्याचे हात पाहिले. मग जगनचा पांढरा स्वच्छ शर्ट पाहिला. पुन्हा हात पाहिले. आतलं दार बोटभर उघडलं होतं.

"हात त्याचाच होता मामा," जगन शांतपणे म्हणाला. "हेल्पर चांगला हाय तुमचा."

"हेल्पर?" धर्मराज म्हणाला.

"मिलमध्ये फिटर आपले हात काळे करत नाय. फिटर बोट दाखवतो, हेल्पर करतो."

"हेल्पर?" कमळाकर म्हणाला.

"खरं हाय," एक गाडीवान म्हणाला. "मी ऐकलं. ह्यानं आवळ बोलल्यावर त्यानं आवळलं."

"आन सोड बोलल्यावर सोडलं," दुसरा म्हणाला.

"अरं, पन त्यानं पाना चुकीच्या नटाला लावला होता!" कमळाकर जवळजवळ किंचाळला. "माझ्या डोळ्यांनी बघितलं! त्याला कायपन येत नाय!"

धर्मराजचा चेहरा हळूहळू उजळला. "कमळ्या," तो कौतुकानं म्हणाला, "त्यानं तुझी परीक्षा घेतली रं. तुला येतं का ते बघितलं."

दारामागे कुणाला तरी जोराचा ठसका लागला. ठमाबाई पाणी मागत होती, स्वतःसाठी नव्हे.

सुपारी तिथंच फुटली. कमळाकर हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही, पण जेवणाला थांबला. वैशाखात लग्न झालं. मालू करंजाड्याला नांदायला आली आणि रोज सकाळी पनवेलला इंजिन पुसायला जाऊ लागली, कारण नवरा मुंबईला असतो, त्यानं सांगितल्याप्रमाणे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. धर्मराजला हे पटलं.

एका गोष्टीचा मात्र जगन आणि मालू दोघांनीही विचार केला नव्हता. पनवेलला भाताच्या गिरण्या पुष्कळ होत्या, आणि प्रत्येकीत एक इंजिन होतं. बोटानं इंजिन चालू करणाऱ्या फिटरची गोष्ट त्या सगळ्यांना त्याच आठवड्यात कळली. लीगचा सामना असेल तर जगन येत नसे आणि गिरणीमालक तक्रार न करता वाट पाहत. घाई करणारा तो नव्हेच, हे ठरलेलं होतं. आला की तिघं मिळून जात. पुढे जगन, स्वच्छ शर्टात. त्याच्या शेजारी कमळाकर, पाना घेऊन. लाँचवरच्यापेक्षा इथं मान बरा होता आणि मामाची गिरणी अजून कुठं पळाली नव्हती. मागे दाराशी मालू, हातात सूप.

बंदराच्या टोकाला एक नवा गिरणीवाला होता. त्यानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा जगनच्या कानाशी लागून विचारलं, "फिटर, राग मानू नका. ही गुणाबाय कोन?"

"आमच्या गिरणीत असते."

"इथं नाय ना?"

"नाय."

"मग तुमची मालकीण तिच्यावर इथं कशाला वरडते?"

जगननं मागे पाहिलं नाही. "सवय हाय तिला," तो म्हणाला. "तुमी तिकडं लक्ष देऊ नका."

"गुणाबाय!" मागून आवाज आला. "उजवीकडं बघ की जरा! तिसरं! घट्ट कर ते!"

गिरणीवाल्यानं जगनकडे अत्यंत सहानुभूतीनं पाहिलं. जगननं बोट उचललं, उजवीकडचा तिसरा नट कमळाकरला दाखवला आणि म्हणाला, "आवळ."